तारीख यथावकाश कळवण्यात येईल

परीक्षा मुलीची असली तरी काळजीचं खातं आईबापांकडे असतं, आणि या खात्याचा सगळा कारभार तारखेवर चालतो. एकदा तारीख लागली की पुढचं आपोआप सुरू होतं. महिनाभर आधी केबल बंद. पंधरा दिवस आधीपासून पाहुण्यांना "आमच्याकडे परीक्षा आहे" असं सांगून दारातूनच वाटेला लावता येतं. आठ दिवस आधी बाहेरचं खाणं बंद, दोन दिवस आधी डोक्यावरून आंघोळ बंद. त्या दिवशी सकाळी हातावर दही-साखर ठेवायची, केंद्रापर्यंत सोडायला जायचं, तीन तास समोरच्या झाडाखाली इतर पालकांबरोबर उभं राहून शिक्षणपद्धतीला नावं ठेवायची, मुलगी बाहेर आली की "कसा गेला?" विचारायचं आणि "बरा" या उत्तराचा दिवसभर कीस पाडायचा. मराठी मध्यमवर्गाने पिढ्यान्‌पिढ्या घासूनपुसून तयार केलेली ही पद्धत आहे आणि तिच्यात खोट काढायला जागा नाही. २०२० साली तिच्यातली तारीख तेवढी कुणीतरी काढून घेतली.

आमची कन्या तेव्हा पुण्यात टी. वाय. बी. एस्सी.ला होती. विषय रसायनशास्त्र. मार्चच्या मध्यावर कॉलेज बंद झालं तशी एसटीने साताऱ्याला आली. पाठीवर सॅक. सॅकमध्ये दोन ड्रेस, मोबाईलचा चार्जर आणि केस सरळ करायचं यंत्र.

"पुस्तकं?"

"खोलीवर आहेत गं. आठ दिवसांचा तर प्रश्न आहे."

तिला काय बोलणार? साऱ्या देशाचाच हिशेब तेव्हा २१ दिवसांचा होता. महाभारताचं युद्ध १८ दिवसांत जिंकलं गेलं, हे २१ दिवसांत जिंकायचं, असं खुद्द पंतप्रधानांनी सांगितलेलं. आमच्या घरात या मुदतीवर एकट्या अण्णांचा विश्वास बसला नाही. अण्णा म्हणजे माझे सासरे. पाटबंधारे खात्यात हयात गेल्यामुळे सरकारी कामाची मुदत ऐकली की तिला मनातल्या मनात काहीतरी भलत्याच आकड्याने गुणायची त्यांना सवय. त्यांनी पंचांगाकडे न बघता "दिवाळी" एवढंच म्हटलं आणि रामायण लावायला सांगितलं. आम्ही हसलो. नंतर हसायचं बंद झालं.

दुसऱ्या लॉकडाऊनमध्ये पुस्तकांची निकड भासू लागली. पुणे-सातारा अंतर ते काय, एरवी माणूस लग्नाचं जेवण जेवून संध्याकाळी परत येतो. पण आता मधली नीरा नदी आंतरराष्ट्रीय सीमा झाली होती आणि शिरवळला पोलीस उभे होते. ई-पासच्या अर्जात प्रवासाचं कारण विचारत. आजारपण चाले, मयत चाले. भौतिक रसायनशास्त्राच्या नोट्स कशातच बसेनात. नवऱ्याने एक दिवस "अत्यावश्यक सेवा" या शब्दांचा अर्थ किती ताणता येईल यावर विचार केला आणि शेवटी खरोखरच अत्यावश्यक असलेल्या माणसाला गाठलं. पुण्याला दूध पोचवणाऱ्या टेम्पोचा ड्रायव्हर. कन्येच्या खोलीच्या मालकीणबाईंनी कपाटातलं दिसेल ते पोत्यात भरून त्याच्या हवाली केलं आणि दोन दिवसांनी पहाटे ते पोतं रिकाम्या क्रेट्सवर बसून आमच्या दारात उतरलं.

पोत्यातून निघालं ते असं: एक बादली, चिवड्याचा डबा, रसायनशास्त्राची दोन पुस्तकं (दोन्ही मागच्या वर्षाची) आणि रूममेटचं 'अपसामान्य मानसशास्त्र'.

ते शेवटचं पुस्तक अण्णांनी घेतलं. वाचनालय बंद, वर्तमानपत्र बंद, अशा अवस्थेत माणूस काय वाचेल सांगता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्यांनी नवऱ्याच्या हात धुण्याचं निदान केलं, दुसऱ्या आठवड्यात माझ्या किराणा साठवण्याचं. भाजी मिठाच्या पाण्यात बुडवून, वाळवून, पुसून मगच घरात घ्यायची असा माझा दंडक होता. त्यावर त्यांनी पेन्सिलीने खूण केलेलं एक पान मला दाखवलं. कन्या तेवढी त्यांच्या तपासणीत नॉर्मल ठरली. "ती काहीच करत नाही," ते म्हणाले, "या परिस्थितीत हेच निरोगीपणाचं लक्षण आहे."

ती काहीच करत नव्हती याला मात्र कारण होतं, आणि ते मुंबई-दिल्लीत घडत होतं.

८ मे रोजी उच्च व तंत्रशिक्षणमंत्री उदय सामंत यांनी जाहीर केलं की बाकीच्या वर्षांना परीक्षा नाहीत, पण अंतिम वर्षाची परीक्षा जुलैमध्ये होईल. नवरा धावत स्वयंपाकघरात गेला आणि दारामागच्या कालनिर्णयवर जुलैच्या पानाला पेन्सिलीने लांबलचक कंस घातला. कित्येक दिवसांत त्याच्या चेहऱ्यावर अशी तरतरी दिसली नव्हती. दोन आठवडे झाले नाहीत तोच मंत्र्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाला पत्र लिहिलं की अंतिम वर्षाचीही परीक्षा नको. कंस खोडला. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी हे विद्यापीठांचे कुलपती. त्यांना हे मान्य नव्हतं. कंस घातला. ३१ मे रोजी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे म्हणाले, आधीच्या सत्रांची सरासरी काढून गुण देऊ. खोडला. राज्यपाल पुन्हा नाराज. जूनमध्ये सरकारने परीक्षा नाही म्हणजे नाही, ज्याला हौस असेल त्याने नंतर द्यावी, असा निर्णय केला. ६ जुलैला आयोगाचा नवा हुकूम आला की सप्टेंबर अखेरीपर्यंत परीक्षा घ्यावीच लागेल. इतक्या वेळा खोडून जुलैच्या पानाला भोक पडलं आणि मागच्या बाजूला छापलेल्या पाककृतीतलं खव्याचं प्रमाण गेलं.

मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. युवासेनेची याचिका, इतरांच्या याचिका, तारखांवर तारखा. आमच्या घरात मिळाल्या त्या एवढ्याच. माझा नवरा विम्याचा एजंट आहे. पॉलिसीच्या मागे बारीक अक्षरात छापलेल्या अटी गिऱ्हाइकाने वाचू नयेत म्हणून ज्याने आयुष्यभर गोड बोलून पान उलटलं, तोच आता ठाण्याच्या भाऊजींशी रोज रात्री फोनवर कलमांचा काथ्याकूट करू लागला. साथरोग कायदा १८९७ चा, आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा, विद्यापीठ अनुदान आयोगाचा कायदा १९५६ चा; यात वरचढ कोण? भाऊजी आपत्तीच्या बाजूने, नवरा आयोगाच्या. फोन स्पीकरवर. एकदा तर भाऊजींनी "माय लॉर्ड" म्हटलेलं मी स्वतः ऐकलं.

या सगळ्यात जिची परीक्षा ती गच्चीवर बसून विचारायची, "आई, मी अभ्यास करू की नको?"

याला शिक्षिका म्हणून माझ्याकडे उत्तर तयार होतं. "तू करत राहा."

"कशासाठी?"

इथे गाडी अडायची. वीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवते. अभ्यास ज्ञानासाठी करायचा असतो, असं आठवीच्या पोरांना दरवर्षी सांगते. तेही मान डोलावतात, कारण घटक चाचणी सोमवारी असते. तारीख मागे उभी नसताना हे वाक्य प्रथमच उच्चारून पाहिलं आणि ते माझ्याच तोंडात फिरू लागलं. कन्येने समजूतदारपणे विषय बदलला.

तेव्हा मग आम्ही आधार द्यायचं ठरवलं. ही कल्पना आमची नव्हे. आमच्या शाळेने शिक्षकांसाठी एक वेबिनार ठेवला होता, 'लॉकडाऊन आणि पालकत्व'. त्यात व्याख्यात्यांनी सांगितलं की या काळात मुलं आतून खचलेली असतात, त्यांच्याशी मैत्री करा, मोकळेपणाने बोला, न्याय करू नका, फक्त ऐका. मी हे वहीत लिहून घेतलं आणि नवऱ्याला वाचून दाखवलं. तो मनावर घेणारा माणूस आहे. त्याच रात्री जेवणानंतर तो गच्चीवर गेला, कन्येच्या शेजारी कठड्याला टेकून उभा राहिला आणि मैत्रीला सुरुवात केली.

"काय मग?"

"काही नाही."

"नाही, म्हणजे काय चाललंय?"

"काही नाही, बाबा."

यानंतर तो ऐकत राहिला. व्याख्यात्यांनी तसंच सांगितलं होतं. खूप वेळ कोणीच काही बोललं नाही. कन्या घाबरून खाली आली आणि मला म्हणाली, "बाबांना काही झालंय का? त्यांचा वास तर गेला नाही ना?" त्या रात्री तिने बाबांच्या नाकाखाली हिंगाची डबी धरून त्यांना तपासलं. एकमेकांची काळजी घेण्याचा तेवढा एक प्रसंग दोघांच्याही लक्षात राहिला.

आधाराचे इतर प्रकार खाण्यापिण्याचे होते. तुळस, सुंठ, मिरी, दालचिनी घातलेला काढा दिवसातून दोनदा. हळदीचं दूध रात्री. कुणीतरी सांगितलं म्हणून गोळ्या, कुणीतरी सांगितलं म्हणून वाफारा. पुण्यात तीन वर्षं मेसची पातळ आमटी पिऊन ठणठणीत राहिलेली मुलगी घरच्या उपचारांनी महिन्याभरात मेटाकुटीला आली. पुण्यात ती कधी चहा घेते, किती घेते, कोणाबरोबर घेते, हे मला माहीत नव्हतं आणि त्यावाचून माझं काही अडलं नव्हतं. आता प्रत्येक कपाची नोंद व्हायला लागली. "आत्ताच तर झाला", "रिकाम्या पोटी नको", "उठलीस कधी म्हणून आता चहा". घरी आलेल्या एकवीस वर्षांच्या मुलीला बारा वर्षांची करायला आईला फार तर पंधरवडा लागतो.

एकदा रात्री पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरात अंधार आणि मॅगीचा वास. ओट्यावर मोबाईल डब्याला टेकवून उभा केलेला, त्यात चार चौकोन आणि प्रत्येक चौकोनात एकेक अंधारलेलं स्वयंपाकघर. लातूरची, नंदुरबारची, मंडणगडची, आमची. चौघी आपापल्या घरी चोरून मॅगी खात होत्या आणि तोंडाने फुंकर मारत कुजबुजत होत्या. मेस भरली होती. नंदुरबारची सांगत होती की तिच्या वडिलांनी टाइमटेबल करून भिंतीवर लावलंय, त्यात "चिंतन" असा एक तास आहे. सगळ्या तोंड दाबून हसल्या. मी पाणी न पिताच परत येऊन झोपले. नंतर मॅगीची पाकिटं मी डाळीच्या डब्यामागे, तिला सापडतील अशी ठेवत गेले. विचारलं मात्र नाही, आणि अजूनही तिला वाटतं की ती तिनेच शोधली.

जूनच्या ३ तारखेला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि चारातला मंडणगडचा चौकोन काळा झाला. तिकडे माड-पोफळी झोपल्या, पत्रे उडाले, विजेचे खांब आणि मोबाईलचे मनोरे आडवे झाले. कितीतरी दिवस तिचा पत्ता नव्हता. एका दुपारी अचानक फोन आला. ती डोंगरावर चढून बोलत होती, कारण रेंज तिथेच होती. पहिला प्रश्न विचारला तिने, "परीक्षेचं काय झालं गं?" कन्या म्हणाली, "आज रद्द आहे." पलीकडून उत्तर आलं, "बरं, मग आज खाली उतरते."

१५ जूनपासून माझीही शाळा सुरू झाली. म्हणजे शाळा बंदच, शिकवणं सुरू. आता आमच्या घरात दोन वर्ग भरू लागले. पुढच्या खोलीत मी आठवीला शिकवायची आणि आतल्या खोलीत विद्यापीठाचं उच्च शिक्षण, मध्ये एक पडदा. नेट दोघींत मिळून एक. त्यामुळे अलंकार आणि रसायनं यांत रोज रस्सीखेच. माझ्या वर्गाची हजेरी घेताना "रेडमी नोट ५ हजर", "पप्पा ऑफिस हजर", "साईकृपा मोबाईल शॉपी हजर" असं होई. पहिला प्रश्न विचारला की सगळे एका सुरात नेट गेल्याचं सांगत. ज्याचं नेट गेलं त्याला ते गेल्याचं सांगता कसं येतं, हे मी सुरुवातीला विचारायची.

आणि पडद्यामागून त्याच सुरात माझ्या लेकीचा आवाज ऐकू यायचा, "सर, आवाज तुटतोय." मी वाकून बघितलं तर बाई पालथ्या पडून पायाची नखं रंगवत होत्या. मी दात-ओठ खाऊन इकडे आले. आता ही एक आई म्हणून बोलायची जागा होती की एक शिक्षक म्हणून? आई म्हणून राग आला. शिक्षक म्हणून त्या पलीकडच्या सरांची दया आली. त्यांच्याकडे मागे कुकर वाजत होता, एक लहान मूल "बाबा, शी" म्हणत होतं आणि दारात भाजीवाला "मेथी पंध्राला" ओरडत होता. एवढ्या सगळ्यात ते गृहस्थ शांतपणे शून्य कोटीच्या अभिक्रियेचा वेग समजावत होते. मी कन्येला खूण केली: कॅमेरा लाव. ती म्हणाली, "कोणीच लावत नाही." मी म्हटलं, "म्हणूनच लाव." तिने लावला. पलीकडे एक क्षण शांतता पसरली आणि सर इतक्या आनंदाने "अरे वा! कोणीतरी आहे!" म्हणाले की तिने ब्रश खाली ठेवला.

प्रात्यक्षिकांची कथा वेगळीच. रसायनशास्त्रात एक अनुमापन असतं. ब्युरेटमधून थेंब थेंब अल्कली सोडायची आणि खालच्या फ्लास्कमध्ये फेनॉल्फथॅलिनचा फिका गुलाबी रंग आला की त्या थेंबाला थांबायचं. सगळं कौशल्य त्या एका थेंबात. मॅडमनी हे प्रयोगशाळेतून व्हिडिओवर दाखवलं. आमचं नेट त्या दिवशी अगदीच रडतराऊत होतं. मॅडम म्हणाल्या, "आता बघा, बघा, गुलाबी!" पडद्यावर करड्या रंगाचे चौकोन थरथरत होते. नवरा, अण्णा आणि मी, तिघेही मागे उभे राहून डोळे ताणून गुलाबी शोधत होतो. "आला," नवरा म्हणाला. "ती त्यांची बांगडी आहे, बाबा," कन्या म्हणाली. रीडिंग पुढे मॅडमनीच सांगितलं. ते जर्नलमध्ये उतरलं, तीन वेळा, पॉइंट एकच्या फरकाने, म्हणजे खरं वाटावं.

अण्णांची या सगळ्यावर एक ठरावीक प्रतिक्रिया होती. "पानशेतच्या वेळी..." १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं तेव्हा अण्णा पुण्यात कॉलेजात शिकत होते, शनिवार पेठेत खोली घेऊन. खोलीसकट सगळं पाण्यात. पुस्तकं गेली, ट्रंक गेली. आणि पूर ओसरताच आम्ही अभ्यासाला लागलो, ही गोष्ट मी लग्न होऊन आल्यापासून ऐकत आले आहे. (फुटलेलं धरण बघून माणूस पाटबंधारे खात्यात जातो, यावर त्या मानसशास्त्राच्या पुस्तकात काही आहे का, हे मात्र त्यांनी शोधलं नाही.) पण यंदा प्रथमच त्यांना कोणीतरी उलट प्रश्न विचारला. कन्या म्हणाली, "पुस्तकंच वाहून गेली, तर अभ्यास कशाचा केला, आजोबा?"

अण्णा जरा थांबले. "केला नाही," ते म्हणाले. "दोन महिने पेठेत चिखल उपसला. संध्याकाळी नदीवर जाऊन बसायचो."

"मग तुमचे वडील काय म्हणाले?"

"त्यांचं कार्ड आलं. पंधरा दिवसांनी."

"काय लिहिलं होतं?"

"'जिवंत असल्यास उलट टपाली कळवणे.'"

कन्या एवढी हसली की तिला ठसका लागला. मग आमच्याकडे बघून म्हणाली, "किती छान! एकदाच विचारलं!"

२८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही, राज्यांना फार तर तारीख पुढे ढकलून मागता येईल. भाऊजी हरले. नवऱ्याने पेढे आणायला मास्क चढवला आणि मग लेकीचा चेहरा बघून तो उतरवला. पण घरात एकदम हालचाल सुरू झाली हे खरं. ऑक्टोबरचं वेळापत्रक आलं तेव्हा आम्ही कालनिर्णयवर पेनाने लिहिलं. तासाभराचा पेपर, बहुपर्यायी प्रश्न, घरूनच द्यायचा, कॅमेरा सुरू ठेवून. अण्णांनी चौकशी केली, "म्हणजे उत्तरं तेच देणार? चारपैकी एक खरं असतं हे आधीच सांगून ठेवणार? मग तुम्ही काय करायचं?"

आम्ही काय करायचं हा खरा प्रश्न होता. कुठे सोडायला जायचं नाही, झाडाखाली उभं राहायचं नाही. सगळं केंद्रच घरात आलेलं. नवऱ्याने तेवढ्यातही व्यवस्था लावली. दाराची बेल काढून ठेवली. दूधवाल्याला, पेपरवाल्याला, घंटागाडीला समज दिली. कुकर त्या तासात लागणार नाही, मिक्सर अजिबात नाही. शेजारच्यांचा पोपट रामराम म्हणायचा, त्याच्या पिंजऱ्यावर चादर. अण्णांना खोकला आला तर उशीत तोंड घालून खोकायचं. माझा आठवीचा तास दुपारवर गेला. कन्या पलंगावरून उठून टेबलापर्यंत, म्हणजे चार पावलं चालत परीक्षेला निघाली, तरी मी दही-साखर दिली आणि नवऱ्याने रस्ता मोकळा केला.

पहिला पेपर लॉगिन होण्यातच गेला. पडद्यावर एक चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं. मदतीचा क्रमांक व्यस्त. नवरा एका फोनवरून लावतोय, मी दुसऱ्यावरून, अण्णा लँडलाईनवरून. कुणाचा तरी लागला तेव्हा पलीकडच्या मुलाने नम्रपणे सांगितलं की त्याचंही लॉगिन होत नाहीये. तो पेपर पुढे ढकलला. तारीख यथावकाश कळवण्यात येईल.

दुसरा पेपर सुखरूप झाला. तिसऱ्याच्या वेळी परतीचा पाऊस आला. ऑक्टोबरच्या मध्यावर त्या वर्षी पश्चिम महाराष्ट्राला त्याने कसं झोडपलं ते आठवत असेल. आभाळ फाटल्यासारखा कोसळत होता. पेपर सुरू होऊन जेमतेम काही मिनिटं झाली आणि लाईट गेली. लाईट गेली म्हणजे वायफाय गेलं. कन्येने मान न वळवता, ओठही न हलवता, कॅमेऱ्यासमोर पोटातून आवाज काढला, "बाबा, हॉटस्पॉट." रेंज येते फक्त गॅलरीच्या कोपऱ्यात. कॅमेऱ्यात दुसरं माणूस दिसलं तर पेपर बाद होईल या धास्तीने माझा नवरा गॅलरीत खिडकीखाली उकिडवा बसला. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात मोबाईल डोक्याच्या वर धरलेला. बाहेरून बघणाऱ्याला खिडकीखाली एक काळी छत्री तेवढी दिसत होती. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी फोन करून मला विचारलं, "भावजी रागावून बाहेर बसलेत का?"

पेपर संपेपर्यंत तो हलला नाही. पायाला मुंग्या आल्या, सदरा भिजून अंगाला चिकटला. वेळ संपली, पडद्यावर धन्यवादाची पाटी आली, कन्येने लॅपटॉप मिटला. तेवढ्यात खिडकीच्या खालून, छत्रीच्या आतून, आवाज आला:

"कसा गेला?"

"बरा," कन्या म्हणाली.

निकाल दिवाळीच्या सुमाराला लागला. अण्णांनी त्याबद्दल काही बोलायचं टाळलं, फक्त आम्हाला दिसेल असं टाळलं. गुण भरघोस होते. तिचेच नव्हे, सगळ्यांचेच. इतके की नातेवाइकांच्या फोनवर अभिनंदनाआधी एक बारीक खाकरा ऐकू येऊ लागला. "ऑनलाईन होती ना?" एका आत्याबाईंनी तर "म्हणजे कोरोनाची बॅच" असं प्रेमाने म्हटलं. जुलैत विदर्भातल्या काही कृषी पदवीच्या गुणपत्रिकांवर 'प्रमोटेड कोविड-१९' असा शिक्काच छापून आला होता, मग आरडाओरड होऊन तो काढायला लावला. आत्याबाईंचा शिक्का काढायला सरकार येणार नव्हतं. अण्णांनी फोन मागून घेतला आणि विचारलं, "तू किती साली एस. एस. सी. झालीस गं?" आत्याबाईंना एकाएकी आवाज तुटायला लागला.

गल्लीत मात्र आनंद निखळ होता. एकाच गल्लीत अंतिम वर्षाची इतकी मुलं आणि झाडून सगळी पहिल्या वर्गात, असं आमच्या पेठेच्या इतिहासात घडलं नव्हतं. त्या वर्षी सार्वजनिक गणपतीची मूर्ती चार फुटांचीच ठेवायची होती, मिरवणूक नव्हती, त्यामुळे मंडळाच्या वर्गणीतले पैसे उरले होते. अभिनंदनाचा एक मोठा फ्लेक्स लावायचं ठरलं. सगळ्यांचे फोटो मागवले आणि तिथे वाद पेटला. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, कोपऱ्यावरच पोलीस चौकी आहे, मास्क न लावलेले एवढे चेहरे टांगले तर दंड आपल्याला बसेल. मुलांचे आईबाप म्हणाले, मास्क लावला तर कोण पास झालं हे कळणार कसं? माझ्या नवऱ्याने २००५ चा कायदा काढला. दोन बैठका झाल्या, दोन्ही रस्त्यावर, सहा फुटांचं अंतर ठेवून, त्यामुळे ओरडून. अखेर तोडगा निघाला आणि फ्लेक्स लागला. सगळ्यांचे फोटो, सगळ्यांचे मास्क, आणि सगळे हनुवटीवर.